उडाणटेकावरचं तांबडं लुगडं

उडाणटेक हे त्या डोंगराचं सरकारी नाव नव्हे. सरकारी नाव नकाशात आहे. पण तो नकाशा काढणाऱ्या साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाली ती थेट विजापूरच्या अंगाला जाऊन पडली, आणि तेव्हापासून लोकांनी आपलं नाव चालू केलं. कवठे महांकाळच्या बाजूला, पाण्याला महाग अशा मुलखात हा डोंगर एकटाच उभा आहे. वर वारा असा, की कावळे तिथं उडत जात नाहीत, चालत जातात. शेळी बांधली तर दावं जमिनीला टेकत नाही. एकदा वरच्या तव्यातली भाकरी उलथणं लागायच्या आत वाऱ्यानंच परतली, आणि दुसऱ्या झुळकेला ती उठली ती खालच्या वाडीत म्हाताऱ्या राहीबाईच्या दारात पडली. गरम होती म्हणून राहीबाईनं ती कोरड्यासाबरोबर खाल्ली आणि मीठ कमी असल्याचा निरोप वर पाठवला. ऐकणाऱ्यानं यातलं थोडं कमी करून घ्यावं. पण वारा होता हे खरं.

वेधशाळा बांधायला सरकारनं नेमकी हीच जागा निवडली. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर वाऱ्यानं गरगरणाऱ्या चार वाट्या. अंगणात झडपांची पांढरी पेटी, पेटीत हवेची ऊब आणि ओल मोजायच्या दोन नळ्या, एक कोरडी आणि एक ओल्या चिंधीची. शेजारी पाऊस धरायचं तांब्याचं भांडं. आतल्या खोलीत भिंतीवर पाऱ्याची उंच नळी आणि पुण्याला तार ठोकायचं यंत्र. हा सगळा संसार सांभाळायला नाथाजी होता, आणि नाथाजीला सांभाळायला त्याची बायको साळूबाई.

नाथाजी फलटणकडचा, उसाच्या मळ्यात वाढलेला. पलटणीत गेला, तिथं गुडघा गेला, आणि गुडघ्याच्या बदल्यात ही नोकरी मिळाली. वाडीतले लोक त्याला हवामास्तर म्हणत. धाकटा भाऊ कृष्णात मात्र अजून पलटणीतच होता. लढाई पेटलेली, आणि तो ब्रह्मदेशाच्या हद्दीवर कुठंतरी. आईबाप लवकर गेले म्हणून कृष्णाताला साळूबाईनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. पोस्टमन डोंगराच्या पहिल्या वळणावर दिसला, की नवराबायको दोघंही हातातलं काम टाकून उभी राहत आणि एकमेकांकडे बघत नसत.

सकाळी नाथाजी पेटी उघडून नळ्या बघायचा, पारा बघायचा, चारी दिशांना मान फिरवायचा आणि आकडे पुण्याला ठोकायचा. मग साळूबाई धुण्याची पाटी कमरेवर घेऊन दारात उभी राहायची.

"आवं, वाळत घालू का?"

तिला धुणं घालून मागच्या अंगाच्या झऱ्यावर पाण्याला जायचं असे. परत यायला दुपार. मध्येच पाऊस आला तर सगळं भिजायचं. म्हणून नाथाजी "घाल" म्हणायचा किंवा "नगं" म्हणायचा. "घाल" म्हटलं की कड्याच्या टोकाला बांधलेल्या दोरीवर तिचं इरकली तांबडं लुगडं चढायचं, आणि खालच्या वाडीतून ते असं दिसायचं जशी काय डोंगरानं जीभ बाहेर काढलीय.

ही जीभ वाचायला पहिल्यांदा शिकला तो बिराप्पा धनगर. पायथ्याच्या माळावर त्याचा मेंढवाडा. साळूबाई डोंगरावर आली त्या साली भाऊबीजेला तिला माहेरी जायला जमलं नाही, तर हा कधी न बोललेला माणूस खांद्यावर नवं घोंगडं टाकून डोंगर चढून आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "आक्का, ववाळ." तेव्हापासून तो तिचा भाऊ आणि नाथाजी त्याचा दाजी. त्या बिराप्पाच्या ध्यानात आलं, की लुगडं दिसलं की दिवस कोरडा जातो आणि लुगडं नसलं की चारच्या सुमाराला भिजायला होतं. त्यानं ते राहीबाईला सांगितलं, म्हणजे वाडीला सांगितलं. मग काय, लुगडं बघून बायका जोंधळा वाळत घालू लागल्या, कुंभार मडकी बाहेर काढू लागला. वाडीनं हवामास्तराला कधी हवा विचारली नाही. नाथाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. साळूबाईला होतं. पण बाईनं नवऱ्याला सगळंच सांगायचं ठरवलं तर त्याला नळ्या बघायला वेळ कधी मिळायचा.

लढाई जवळ आली तशी हवा ही बंदुकीच्या दारूसारखी कुलपात ठेवायची वस्तू झाली. वरून हुकूम आला: ऊन, वारा, पाऊस यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही, शत्रूची विमानं त्यावर टपून आहेत. हुकुमापाठोपाठ राखणीला एक सुभेदार आला. मानसिंग त्याचं नाव, खंडाळ्याचा. मिशा अशा, की वाऱ्यात त्या दोन दिशा दाखवत आणि नाथाजीला दिशा बघायला गच्चीवर जावं लागत नसे. दुसरी खोली त्यानं घेतली.

त्यानं कागद आणले होते. नाथाजीनं सही केली. सुभेदारानं सहीकडे बघितलं आणि मान हलवली.

"सहीनं काय होतंय गड्या. सही म्हंजे शाई."

मग त्यानं ट्रंकेतून एक पितळी डबी काढली. पालीच्या खंडोबाचा भंडारा. अंगणातल्या बेलाचं पान तोडून त्यानं भंडाऱ्यावर ठेवलं आणि डबी पुढं केली.

"बेलभंडार उचल. म्हन, हवेचा शब्द माझ्या तोंडातनं डोंगराखाली गेला तर..."

"गेला तर?"

"ते तुझं तू म्हन. तुला काय लय प्यारं असंल त्याची म्हन."

नाथाजीनं पान उचललं. पोस्टमनची वाट बघायची सवय लागलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय येणार? "गेला तर माझ्या भावाचं तोंड मला दिसू नये," तो म्हणाला. चुलीपाशी साळूबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"चोख," सुभेदार म्हणाला आणि डबी मिटली.

*

माघ संपत आला होता. सुभेदार एकदा मिशा कातरून घ्यायला वाडीत उतरला. न्हाव्यासमोर मान वर करून बसला असताना त्याला दिसलं, की समोरच्या अंगणात राहीबाई कुरडयांची परात घेऊन उभी आहे आणि डोंगराकडे बघते आहे.

"म्हातारे, काय बघतीस?"

"लुगडं बघती बाबा. हाय. आता घालती कुरड्या."

सुभेदार एक मिशी कातरलेली आणि एक तशीच, अशा अवस्थेत डोंगर चढून आला. त्या दिवशी त्याला चढायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात कोल्हासुद्धा चढला नसता, असं वाडी अजून सांगते.

"नाथाजी, तू शपथ घेतलीस आणि बायकूच्या लुगड्यातनं खबर धाडतुयास?"

नाथाजीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यानं साळूबाईकडे बघितलं. साळूबाई राखेत काहीतरी शोधत होती.

"सुभेदारसाब, ती धुणं वाळत घालती."

"दुश्मनाच्या विमानातनं दिसलं म्हंजे?"

"जपान्याला कुरड्या घालायच्या असल्या तर गोष्ट निराळी."

"थट्टा नगं. आजपास्नं दोरीवर काय न्हाई चढायचं."

साळूबाई चुलीपाशीच बसून म्हणाली, "मग खाली समजतील रोज पाऊस हाय. ती बी खबरच की."

सुभेदार थबकला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला, उरलेली मिशी पिळली आणि त्यानं असा हुकूम काढला, की तो ऐकून गच्चीवरच्या वाट्यासुद्धा घटकाभर उलट्या फिरल्या असतील. रोज, हवा कसलीही असो, उजाडताच तांबडं लुगडं दोरीवर चढेल आणि मावळेपर्यंत उतरणार नाही. म्हणजे त्यात अर्थच उरणार नाही. आणि हा हुकूमही हवेच्याच खात्यातला, तेव्हा त्याचा शब्दही शपथेत आला.

"पाऊस आला तर?" साळूबाईनं विचारलं.

"तरीबी."

"लुगडं कुजंल की."

"सरकारच्या कामी कुजंल."

"सरकार नेसतंय व्हय लुगडं?"

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार लुगड्याची टोकं स्वतःच्या हातानं दोरीला बांधू लागला, पलटणीतल्या तंबूच्या गाठी मारून.

रात्री साळूबाई म्हणाली, "खाली सांगाया पायजे."

"काय सांगनार? फाल्गुनात आभाळाला काय धाड भरलीया? कोरडंच जातंय. पावसाळ्याच्या आधी बघू." नाथाजीनं कूस बदलली. "आनि भंडारा उचललाय, इसरू नगं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पंधरवडाभर आभाळ घासलेल्या ताटासारखं राहिलं. लुगडं रोज खरंच बोलत होतं. त्यामुळं ते बांधलेलं आहे हे वाडीला कळलं नाही, आणि नाथाजीही विसरायला लागला.

*

ज्या सकाळी ते आठवायची वेळ आली, त्या सकाळी पाऱ्याच्या नळीपुढं उभं राहून नाथाजीनं आधी नळीवर टिचकी मारली. पारा बसला होता. थोडाथोडका नव्हे, बैल बसतो तसा बसला होता. पेटीतली ओल्या चिंधीची नळी कोरड्या नळीला जवळजवळ भिडली होती, म्हणजे हवेत ओल दाटली होती. वारा फिरून पूर्वेचा झाला होता आणि त्याला मडक्याच्या आतल्यासारखा वास होता. नाथाजी गच्चीवर गेला. पूर्वेला, डोंगराच्याच भिंतीसारख्या आडव्या सुळक्याच्या पल्याड, विजापूरच्या अंगाला एक ढग फुलून वर चढत होता. खालून काळा आणि वर कापसासारखा पांढरा, कडा कोयत्यानं तासल्यासारख्या. असा ढग त्यानं नोकरीच्या पहिल्या साली एकदा बघितला होता. त्या दिवशी गारांनी पेटीच्या झडपा फोडल्या होत्या.

खालच्या वाडीला तो ढग दिसत नव्हता. सुळका आडवा होता. वाडीवर निळंशार आभाळ, ऊन, आणि डोंगराच्या टोकाला तांबडं लुगडं.

आणि माळावर बिराप्पाचा वाडा जागा झाला होता. नाथाजीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. आदल्या दिवशी ओढ्याच्या डोहात मेंढरं धुतलेली त्यानं बघितली होती. आज वाड्यापाशी माणसं जमली होती. शेजारपाजारचे धनगर वारंगुळ्याला आले होते. आज याची मेंढरं सगळ्यांनी कातरायची, उद्या त्याची. वाघर लावलेली, म्हणजे जाळीचं कुंपण. त्यात लोकरीची मेंढरं दाटीवाटीनं. जे कातरून होई ते उघडंबोडकं पांढरं जनावर बाहेर सोडत, आणि ते ओढ्यापल्याड चरायला जाई.

लोकर उतरलेलं मेंढरू म्हणजे कातडीवर नुसता जीव. त्याला थंडीची सर सोसत नाही, मग गार कुठली. हे नाथाजीला कुणी सांगायला नको होतं.

तो खाली आला. साळूबाई दारात उभी होती. पाटी नव्हती; रोज लुगडंच घालायचं तर विचारायचं काय. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं?"

"गारा हायेत. दुपारपातूर येत्याल."

साळूबाईनं पदर खोचला आणि कड्याकडे गेली. गाठींना हात घालते तोच सुभेदार बंदूक घेऊन बाहेर आला.

"बाई, हुकूम हाय."

"माझं लुगडं हाय."

"तुझं हाय म्हनूनच हळू बोलतुया. मागं हो."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग ती सरळ वाटेला लागली, खाली जायच्या. नाथाजी लंगडत तिच्या मागं धावला आणि पहिल्या वळणावर त्यानं तिचा दंड धरला.

"मी शपथ घेतली न्हाई," ती म्हणाली.

"घरात एकानं घेतली म्हंजे घराला लागती. कृष्णाताचा जीव हाय त्यात."

साळूबाई तिथंच दगडावर बसली. खालून मेंढरांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. नाथाजी तिच्यापासून जरा लांब बसला. मनात म्हणत होता, वारा फिरेल. ढग सुळक्याला अडून उत्तरेला जाईल. पारा चुकत असेल, नळी जुनी आहे. बिराप्पाला स्वतःला कळेल, धनगराला हवा कळत नाही होय. पण धनगराला हवा कळायची ती लुगडं नव्हतं तेव्हा. गेली कित्येक सालं बिराप्पानं वारा हुंगायचं सोडून दिलं होतं. दोरी बघितली की काम भागत होतं.

ऊन वर आलं. ओढ्यापल्याड पांढरे ठिपके वाढत होते. नाथाजी ते मोजत नव्हता, पण प्रत्येक नवा ठिपका त्याला दिसत होता.

साळूबाईनं त्या ठिपक्यांकडे बोट केलं. आवाज चढला नाही तिचा.

"कृष्णाताजवळ बंदूक हाय. डोक्यावर टोपरं हाय. त्या मेंढरांच्या अंगावर काय हाय?"

नाथाजी उठला. घरात गेला. खुंटीवरचं घोंगडं काढलं, बिराप्पानं पहिल्या भाऊबीजेला आणलेलं. बाहेर सुभेदार गच्चीवर दुर्बिणीतून पूर्वेकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या मिशा खाली आल्या होत्या. नाथाजी त्याच्या नजरेसमोरून वाटेला लागला. सुभेदारानं हाक मारली नाही.

वाट उतरताना नाथाजीनं मनाशी एक तोड काढली. शपथ शब्दाची होती. शब्द बोलायचा नाही.

*

रखरखीत उन्हात नाथाजी माळावर आला तो घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन, जसा काय मृगाच्या सरीत चाललाय. वारंगुळ्याला आलेल्यांत सिद्धू म्हणून एक होता, जिभेला हाड नसलेला. त्यानं मेंढरू पायात धरल्या धरल्याच टोमणा मारला.

"हवामास्तर, वरनं येताना हिवाळा संगट आनला का काय?"

माणसं हसली. नाथाजी काही बोलला नाही. तो मेंढरांच्या मधून चालत बिराप्पापाशी गेला आणि खोळ आणखी पुढं ओढून त्याच्यासमोर उकिडवा बसला. बिराप्पाची कातर करकर चालली होती, लोकरीची जाड चादर मेंढीच्या अंगावरून सोलून निघत होती.

"दाजी, ताप भरलाय काय?"

नाथाजीनं मान हलवली.

"आक्का बरी हाय न्हवं?"

नाथाजीनं होकार दिला. मग त्यानं बिराप्पाच्या हातातल्या कातरीवर हात ठेवला. बिराप्पानं हात थांबवला, त्याच्याकडे बघितलं, मग मान वर करून डोंगराच्या टोकाकडे बघितलं. लुगडं होतं. वाऱ्यानं ताठ उभं राहून फडफडत होतं.

"हाय की लुगडं," तो म्हणाला आणि नाथाजीचा हात हळूच बाजूला केला. "संध्याकाळी बकरं पडनार हाय. जेवूनच जा."

कातर पुन्हा करकरू लागली. मेंढी सुटली, उठली, अंग झाडलं आणि ओढ्याकडे पळाली. सिद्धूनं वाघरीतून दुसरी ओढली. नाथाजी त्या खोळीत घामानं निथळत होता. लुगडं खरं आणि तो खोटा. माणूस समोर बसलाय आणि चिंधीवर भरवसा. तिसरी मेंढी ओढली तेव्हा त्याचं तोंड उघडलं.

"बिराप्पा, गारा येत्यात. कातर टाक."

"कसल्या गारा? आभाळ बघ की."

"सुळक्याच्या मागं हायेत. लुगडं खोटं हाय. हुकमानं बांधलंय. रोजच बांधत्यात, पंधरवडा झाला."

कातर थांबली. बिराप्पा नाथाजीच्या तोंडाकडे असा बघत राहिला, की त्यापेक्षा त्यानं एक ठेवून दिली असती तर बरं. मग तो उठला. त्यानं बोटं तोंडात घालून शीळ घातली ती ओढ्यापल्याड गेली, आणि माणसं उठून पळाली.

सुळक्याच्या वर तेवढ्यात काळी कड दिसली.

त्या गारांचं वर्णन वाडी अजून करते. कवठाएवढ्या होत्या असं राहीबाई सांगायची, आणि एक गार तिच्या रांजणात पडली ती पाडव्यापर्यंत विरघळली नाही, असंही सांगायची. तेही कमी करून घ्यावं. पण माळावर जे झालं त्यातलं कमी करता येण्यासारखं नाही. वाघरीतली लोकरीची मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी राहिली. जवळ सापडलेली बोडकी मेंढरं बिराप्पानं माळावरच्या बिरोबाच्या देवळात कोंबली. माणसांनी अंगावरची घोंगडी त्यांच्यावर टाकली, कातरलेली लोकर त्यांच्या पाठीवर पसरली. नाथाजी आपलं घोंगडं दोन मेंढ्यांवर धरून त्यांच्यावर पालथा पडला होता, आणि पाठीवर गारा बसत होत्या, आणि त्याला त्या बसाव्यात असं वाटत होतं.

ओढ्याला पाणी आलं. पल्याडची पल्याडच राहिली.

*

उघडल्यावर माळ पांढरा झाला होता. त्यात मेंढरं कोणती आणि गारा कोणत्या हे जवळ जाईपर्यंत कळत नव्हतं. बिराप्पाची बायको रंगुबाई एकेकीपाशी बसून कानाला हात लावून बघत होती आणि उठत होती. कुणी रडत नव्हतं. साळूबाई डोंगर उतरून आली होती, ओली, अनवाणी.

जी मेली ती सगळी सकाळपासून दुपारपर्यंत कातरलेली. जी दुपारनंतर कातरायची राहिली होती ती जगली. सांगायला लेखा नको होता; माळावर नजर टाकली की नाथाजी किती वेळ गप्प बसला होता ते दिसत होतं.

बिराप्पा त्याच्यापुढं येऊन उभा राहिला.

"तुला कवा कळलं, दाजी?"

खोटं बोलता आलं असतं. दुपारी कळलं, कळल्याबरोबर आलो, एवढंच म्हणायचं होतं. साळूबाई शेजारी उभी होती.

"सकाळी," नाथाजी म्हणाला.

बिराप्पानं मान हलवली. रागावला नाही. तो साळूबाईकडे वळला.

"आक्का, ती दोरी काढून टाक."

एवढंच म्हणाला आणि रंगुबाईच्या मागं ओढ्याकडे गेला.

वर सुभेदार दोरीखाली बसला होता. कपाळ फुटलं होतं. लुगड्याची चाळण झाली होती, पण गाठी सुटल्या नव्हत्या.

"शब्द खाली गेला म्हनं," तो नाथाजीकडे न बघता म्हणाला.

"गेला."

"मला कायबी ऐकू आलं न्हाई. गारांचा आवाज लय हुता."

आणि त्यानं स्वतःच्याच गाठी सोडायला सुरुवात केली. त्या त्याला सुटेनात. शेवटी साळूबाईनं विळा आणून दोरी कापली.

त्यानंतर धुणं घरात वाळू लागलं, चुलीवर बांधलेल्या काठीवर. नाथाजीच्या सदऱ्याला धुराचा वास यायचा, सरकारी टोपीला यायचा, पुण्याहून तपासणीला आलेल्या माणसानं एकदा नाक मुरडलं. सुभेदारानं वर कळवलं, की बंदोबस्त चोख आहे आणि डोंगरावरून आता काहीही दिसत नाही. ते खरंच होतं. बिराप्पा राहिलेली मेंढरं घेऊन पश्चिमेकडे चरणीला निघून गेला. वाडीतलं कुणी वर बघेना. राहीबाई कुरडया घालायच्या आधी नुसती हवेत बोट धरायची.

साळूबाई बोलायची, वाढायची, सगळं करायची. फक्त सकाळी विचारायची नाही.

आषाढात पोस्टमन आला. कृष्णात खुशाल होता, चिवडा मागत होता. नाथाजीनं पत्र वाचून दाखवलं आणि दोघंही हसली, आणि हसता हसता दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, की शपथ मोडून महिने लोटले आणि पोराच्या केसालाही धक्का लागलेला नाही. म्हणजे ती सकाळ फुकट गेली. साळूबाईनं पत्र घडी करून देवापाशी ठेवलं आणि त्या रात्री दोघांनीही जेवण टाकलं.

*

दसऱ्याला बिराप्पा परतला. बिरोबाची जत्रा झाली. मग एका दिवशी ओढ्याच्या डोहात मेंढरं धुतलेली नाथाजीनं गच्चीवरून बघितली. कळप केवढा तरी आटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटी उघडली, नळ्या बघितल्या, पारा बघितला. दोनदा बघितला. चारी दिशांना, सुळक्याच्या पल्याडही बघितलं. खाली माळावर वारंगुळ्याला माणसं जमली होती, वाघर लागली होती.

तो दारात आला तर साळूबाई उभी होती, कमरेवर पाटी. पाटीत ते तांबडं लुगडं, गारांची भोकं हिरव्या-निळ्या ठिगळांनी बुजवलेलं. कधी शिवलं होतं कोण जाणे.

"आवं," ती म्हणाली, "वाळत घालू का?"

अंगणात सुभेदार दात घासत होता. नाथाजीनं त्याच्याकडे बघितलं. सुभेदार चूळ भरायला म्हणून घरामागं गेला आणि तिकडंच राहिला.

"घाल," नाथाजी म्हणाला.

दोरी नव्हती. साळूबाई कड्याच्या टोकाला गेली आणि लुगडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी राहिली. वारा असा, की बाईसकट उडवेल. नाथाजी लंगडत गेला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. दोघांच्या मध्ये ते फुगलं, फडफडलं, ठिगळांसकट ताठ झालं.

खाली सिद्धू एकदा वर बघायचा आणि एकदा बिराप्पाकडे. बिराप्पा डोंगराला पाठ करून बसला होता. पहिली मेंढी त्याच्यापुढं आणून उभी केलेली होती. हात दुखायला लागले तरी नाथाजीनं आणि साळूबाईनं लुगडं खाली घेतलं नाही. बिराप्पानं मान वळवली नाही.

पण कातर त्यानं अजून हातात घेतली नव्हती.